प्रोजेस्टेरॉनची मात्रा कशी ठरवतात?

३७ आठवड्यांपूर्वीची प्रसूती टाळण्यासाठी प्रोजेस्टेरॉन (गर्भारपण टिकवायला मदत करणारे संप्रेरक) द्यायचे की नाही, हे आधी ठरते. मात्रेचा प्रश्न त्यानंतरचा. औषधाची गरज आहे का, हे ठरवण्यासाठी साधारण १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भाशयमुखाची लांबी मोजून घ्यावी. तपासणीपूर्वी लघवीला जाऊन यावे, कारण भरलेल्या मूत्राशयाच्या दाबामुळे गर्भाशयमुख प्रत्यक्षापेक्षा लांब दिसू शकते. एकच गर्भ असून ही लांबी २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली, तर रोज रात्री झोपताना २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल योनीमार्गात ठेवण्याचा सल्ला सहसा दिला जातो आणि ती निदान ३४ आठवड्यांपर्यंत चालू ठेवली जाते. जेलची मात्रा ९० मिलिग्रॅम असते. आकड्यांतील या फरकाने गोंधळू नये, कारण औषधाचे रूप बदलले की मात्राही बदलते. मनाने मात्रा वाढवू नये, आणि एखादी रात्र चुकली म्हणून दुसऱ्या रात्री दोन कॅप्सूल तर मुळीच ठेवू नयेत. दर आठवड्याचे २५० मिलिग्रॅमचे इंजेक्शन कोणी सुचवले, तर कारण अवश्य विचारावे. परिणामकारकता सिद्ध न झाल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याची मान्यता २०२३ मध्ये काढून घेतली. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचे तेल असते, त्यामुळे ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.