कारमधली म्युझिक सिस्टीम गप्प झाली? नवा सेट घेण्याआधी या चुका टाळा

सिस्टीम बंद पडली की दुकानात बहुतेकदा एकच निदान ऐकायला मिळतं: "सेट गेलाय, नवीन टाका." सेट जळतो, नाही असं नाही, पण हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो. आधी बघायचं ते एवढंच, की डिस्प्ले लागतो का? लागत नसेल तर बहुधा करंट सेटपर्यंत पोचत नाहीये. डिस्प्ले चालू आहे, गाण्याचे सेकंद पुढे सरकतायत, तरी आवाज नाही, तर दोष स्पीकर किंवा अँप्लिफायरच्या (आवाज वाढवणाऱ्या वेगळ्या डब्याच्या) बाजूला शोधायचा. हे न ठरवता डॅशबोर्ड उघडणं ही पहिली चूक.

डिस्प्लेच लागत नाही

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून "ठीक आहे" म्हणू नका. बारीक तडा दिसत नाही. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. चावी एसीसीवर (इंजिन बंद, पण सेटला करंट मिळतो त्या खुणेवर) ठेवून मल्टीमीटरची काळी पिन बॉडीला, म्हणजे गाडीच्या उघड्या पत्र्याला, लावा आणि लाल पिनने दोन्ही ठिपके तपासा. दोन्हीकडे १२ व्होल्ट हवेत. एकाच बाजूला मिळाले तर फ्यूज उडालाय. फ्यूजबॉक्सचा फ्यूज बदलून भागलं नाही तर सेटच्या पाठीमागेही एक फ्यूज असतो, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा. तो विसरला जातो. काही गाड्यांत लायटर सॉकेट आणि सेट एकाच फ्यूजवर असतात, त्यामुळे सॉकेटमध्ये पडलेलं नाणंही सेट बंद पाडू शकतं.

उडालेल्या १० च्या जागी २० चा फ्यूज टाकणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळायची तयारी. नवा फ्यूजही लगेच उडत असेल तर सेटचा कपलर (मागचा वायरींचा प्लग) काढून पुन्हा बघा. तरीही उडाला तर वायरिंग शॉर्ट आहे. सेट जोडल्यावरच उडत असेल तर दोष सेटमध्ये.

आता वायरी. बाहेरून बसवलेल्या सेटला सहसा पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावीवर येणारा आणि काळी म्हणजे अर्थ, बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग मात्र कंपनीगणिक बदलतात. तिथे रंगावर नाही, मीटरवर विश्वास ठेवा. चावी बंद असताना पिवळीवर साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. लाल वायरीवर चावी फिरवल्यावरच करंट यावा.

सगळ्यात जास्त फसवते ती अर्थ. दोन-चार तारा शिल्लक असलेली काळी वायरसुद्धा मीटर ओहमवर (रोध मोजण्यावर) ठेवला तर शून्याजवळ रीडिंग देते आणि माणूस निश्चिंत होतो. म्हणून सेट चालू करायचा, शक्य असेल तर आवाज मोठा करायचा आणि मीटर व्होल्टवर ठेवून सेटची काळी वायर व बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात मोजायचं. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थचा जोड खराब आहे. नट काढा, रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, पुन्हा घट्ट बसवा. पीळ देऊन नुसती टेप गुंडाळलेले जोडही इथेच काढून टाका. उन्हाळ्यात बंद गाडी तापली की टेपचा डिंक सुटतो. सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा.

चावी बंद केली की स्टेशनं आणि घड्याळ पुसलं जातं? मग पिवळी आणि लाल अदलाबदल झालीय. काही युरोपीय गाड्यांत आयएसओ कपलरची (सेटमागच्या प्रमाणित प्लगची) ४ आणि ७ नंबरची पिन उलटी असते, तिथे हे हमखास घडतं. त्यावर उपाय म्हणून दोन्ही वायरी एकत्र बॅटरीला जोडू नका. सेट पूर्ण झोपत नाही आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

डिस्प्ले आहे, आवाज नाही

आधी फेडर (पुढचे-मागचे स्पीकर), बॅलन्स (डावे-उजवे स्पीकर) आणि म्यूट बघा. हसू येईल, पण हे खूपदा निघतं.

अँप्लिफायर असेल तर सेटकडून येणाऱ्या निळ्या-पांढऱ्या रिमोट वायरीवर (अँपला चालू व्हायचा इशारा देणाऱ्या) १२ व्होल्ट आहेत का ते मोजा. अँपचा प्रोटेक्ट दिवा (दोष दिसल्यावर अँपने स्वतःला बंद केल्याची खूण) लागला असेल तर बंद करून स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. दिवा गेला तर स्पीकर किंवा त्याची वायर शॉर्ट आहे.

स्पीकर तपासताना वायरी सेटपासून सुटलेल्या हव्यात. ४ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर ३ ते ४ ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला तर 'टक' असा आवाज यायला हवा. मग दोन्ही वायरी बॉडीशी तपासा: तिथे जोड अजिबात दिसता कामा नये.

इथली मोठी चूक म्हणजे वायर वाचवायला स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला लावणं. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत सुमारे ६ व्होल्ट असतात. त्यातली एक बॉडीला टेकली की सेट प्रोटेक्टमध्ये जातो, नाहीतर आतली आयसी (चिप) जळते. एका चॅनेलवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर भार २ ओहम होतो आणि सेट तापून मधूनच बंद पडतो.

दार उघड-झाक करताना आवाज येत-जात असेल तर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायर तुटलीय. वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं. पावसाळ्यात एकाच दाराचा स्पीकर खरखरत असेल तर दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा बघा. स्पीकर बसवताना तो फाडला असेल तर काचेवरून आत उतरणारं पाणी थेट स्पीकरवर येतं.

सेट बाहेर काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं असतं, पण मूळ कंपनीचा सेट असेल तर त्याचा कोड हाताशी आहे ना, ते आधी बघा. बॅटरी जोडल्यावर तो विचारला जाऊ शकतो. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांत मीटरची पिन घालू नका.

तिन्ही वायरी बरोबर, दोन्ही फ्यूज ठीक आणि एक चांगला स्पीकर आळीपाळीने सेटच्या चारही चॅनेलना थेट जोडूनही आवाज नाही? मग सेट गेलाय.