डाव्या राजकारणाची ओळख करून देणारे व्हिडिओ चॅनल सुरू करताना या चुका टाळा

सोलापुरात आम्ही चौघांनी डाव्या राजकारणाची सोप्या मराठीत ओळख करून देणारे यूट्यूब चॅनल सुरू केले, तेव्हा पहिल्या व्हिडिओचे नाव होते ‘डावे म्हणजे काय?’. १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हाताला आणि विरोधक डाव्या हाताला बसत असत, इथून सुरुवात करून १८४८ चा मार्क्स-एंगल्सचा कम्युनिस्ट जाहीरनामा, १९१७ ची रशियन क्रांती आणि १९६४ ची कम्युनिस्ट पक्षातील फूट असा सगळा इतिहास आम्ही अठरा मिनिटांत सांगितला होता. माहितीत चूक नव्हती. शेजारी विड्या वळणाऱ्या मावशींना तो दाखवला तेव्हा दुसऱ्या मिनिटाला त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि मांडीवरचे सूप पुन्हा पुढे ओढत विचारले, “यात आमचं काय आहे?” त्या प्रश्नाला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. पुढे झालेल्या बहुतेक चुकांचे मूळही तिथेच सापडले. आम्ही मनात जो प्रेक्षक धरला होता तो एकतर आमचाच कार्यकर्ता होता किंवा आमच्याशी वाद घालणारा विरोधक होता, आणि या दोघांपैकी कोणालाही ओळख करून देण्याची गरज नव्हती.

व्याख्येपासून सुरुवात करू नका

नवख्या माणसाला व्याख्या नको असते, कारण त्याच्या मनात तो प्रश्नच नसतो. त्याच्या मनातले प्रश्न वेगळे असतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान सभेचा, म्हणजे डाव्यांच्या शेतकरी संघटनेचा, लाँग मार्च टीव्हीवर पाहिलेली माणसे आजही लाल टोप्या आणि फोड आलेले तळपाय विसरलेली नाहीत. ६ मार्चला निघालेली ही माणसे सुमारे १८० किलोमीटर चालत आली, आणि दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालून १२ मार्चला पहाटे आझाद मैदानावर पोहोचली. ‘ती माणसे कोण होती आणि त्यांना काय हवे होते?’ या प्रश्नाने सुरू झालेला व्हिडिओ आपोआप २००६ च्या वनहक्क कायद्याकडे जातो, कसणाऱ्याच्या नावावर जमीन का होत नाही याकडे जातो, आणि तिथून वारली आदिवासींच्या १९४५ च्या लढ्यापर्यंत आणि त्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांपर्यंत पोहोचता येते. व्याख्या सांगायचीच असेल तर ती या वाटेच्या शेवटी सांगावी, कारण तोपर्यंत ती अर्धीअधिक प्रेक्षकानेच तयार केलेली असते.

कॉम्रेड गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका या बाबतीत वारंवार अभ्यासावी अशी आहे. एका भाषणातून आकाराला आलेली ही छोटी पुस्तिका १९८८ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्या एक लाखाहून अधिक प्रती लोकांपर्यंत गेल्या. तिचे नाव प्रश्नार्थक आहे, तिची वाक्ये लहान आहेत, आणि वाचकाला प्रिय असलेल्या माणसापासून तिची सुरुवात होते. रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका असे बजावणारा राजा आधी समोर उभा राहतो आणि शेतकऱ्याच्या हिताचे राजकारण त्याच्या मागून येते. संहिता लिहिण्यापूर्वी ती पुस्तिका एकदा मोठ्याने वाचून पाहावी, असे मी प्रत्येक नव्या चॅनलवाल्याला सांगतो.

संज्ञा आधी आणि अनुभव नंतर, हा क्रम उलटा करा

‘वरकड मूल्य’ ही मार्क्सच्या अर्थशास्त्रातील मध्यवर्ती संज्ञा आम्ही सुरुवातीला फळ्यावर लिहून समजावली होती. जुन्या मराठीत वरकड म्हणजे इतर, उरलेले. शब्द आपलाच आहे, पण रोजच्या बोलण्यातून तो गेलेला असल्याने ऐकणाऱ्याला परका वाटतो. दुसऱ्या प्रयत्नात आम्ही फळा काढून टाकला आणि मावशींच्या सुपाचा आधार घेतला. विडी कामगाराची मजुरी हजार विड्यांवर ठरते. कारखान्यातून तोलून आणलेली पाने आणि तंबाखू घरी येतात, पान भिजवून कात्रीने कापले जाते, तंबाखू भरून विडी वळली जाते, दोरा बांधला जातो, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल तपासताना काही विड्या बाद ठरवून मजुरीतून कापल्या जातात. आम्ही हजार विड्यांचा हिशेब मांडला: पान, तंबाखू, दोरा, भाजणी, वेष्टन, वाहतूक, कर, दुकानदाराचा वाटा आणि मजुरी. हे सगळे वजा केल्यावर जे उरले त्यावर बोट ठेवून विचारले, की पान आणि तंबाखू यांनी तर आपली किंमत स्वतःहून वाढवलेली नाही, मग ही रक्कम आली कुठून? इतके झाल्यावर त्या रकमेला अर्थशास्त्रात वरकड मूल्य म्हणतात, हे सांगायला एक वाक्य पुरले.

याच व्हिडिओत एक जुनी चूकही लक्षात आली. सोलापुरातील अनेक विडी कामगार स्त्रिया घरात तेलुगू बोलतात आणि आमचे मराठी सभेतले होते. ‘सर्वहारा’, ‘बूर्झ्वा’, ‘द्वंद्वात्मक’ हे शब्द तर आम्ही काढलेच, पण ‘हितसंबंध’ आणि ‘शोषणव्यवस्था’ यांच्याऐवजीही ‘कुणाचा फायदा’ आणि ‘मजुरी कशी मारली जाते’ असे म्हणू लागलो, आणि खाली तेलुगू उपशीर्षके दिली. आपल्या गावात दुसरी कोणती भाषा बोलली जाते याचा विचार चॅनल सुरू करतानाच करावा.

सगळे श्रेय आपल्याकडे ओढू नका

उत्साहाच्या भरात होणारी ही चूक सर्वांत महाग पडते, कारण ती पकडली गेली की पुढचे खरे बोलणेही लोक ऐकत नाहीत. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी, आणि लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे होते. भारतीय कम्युनिस्ट पक्षाची कानपूरची स्थापना परिषद त्यानंतर पस्तीस वर्षांनी भरली. १८ जानेवारी १९८२ पासूनचा मुंबईतील गिरणी संप लाल बावट्याचा होता असे अनेक व्हिडिओंत सांगितले जाते, पण त्याचे नेते डॉ. दत्ता सामंत कम्युनिस्ट नव्हते. रोजगार हमी योजनेची कल्पना मांडणारे वि. स. पागे काँग्रेसचे होते. १९७२ च्या दुष्काळात कामाच्या आणि मजुरीच्या मागणीसाठी डाव्या पक्षांनी मोठी आंदोलने केली, ती सांगावीत, पण पागे यांचे नाव गाळू नये. या योजनेच्या पैशासाठी १९७५ साली आणलेला व्यवसाय कर आजही नोकरदारांच्या पगारातून कापला जातो. महिना २०० रुपयांची ही कपात कशासाठी सुरू झाली, हे आमच्या व्हिडिओतून कळल्यावर कित्येक बँक आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी तो पुढे पाठवला, कारण पगारपत्रकावरची ती ओळ त्यांनी वर्षानुवर्षे अर्थ न विचारता वाचली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी बोलताना तर अधिक जबाबदारीने बोलले पाहिजे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत झालेल्या एक दिवसाच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते, हे छायाचित्रांसह सांगायला सर्वांना आवडते. त्याच्या दहा वर्षे आधीचा भाग मात्र बहुतेक जण गाळतात. त्या काळी गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार जास्त होता, आणि तुटलेला धागा जोडताना लाळ लावावी लागते म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊ दिले जात नव्हते. संपाच्या मागण्यांमध्ये या अन्यायाला जागा का नाही, असा बाबासाहेबांचा प्रश्न होता, आणि १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला. हे सांगितल्याने डाव्यांचे नुकसान होते असे आमच्यातील एका ज्येष्ठाचे मत होते. मला ते पटले नाही. जात हा कामगारांच्या आतला प्रश्न आहे हे ज्या प्रेक्षकाने स्वतःच्या अंगावर सोसले आहे, त्याच्यासमोर ते लपवून आपण त्याला कोणत्या तोंडाने एकजुटीचे आवाहन करणार? तो व्हिडिओ आम्ही केला. त्यानंतर ज्या वस्त्यांमधून आम्हाला आजवर एकही फोन आला नव्हता तिथून बोलावणी येऊ लागली.

अडचणीचे प्रश्न टिप्पण्यांवर सोडू नका

बंगालचे काय झाले, स्टालिनचे काय, नक्षलवादी म्हणजे तुम्हीच ना, हे तीन प्रश्न प्रत्येक व्हिडिओखाली येतात. टिप्पणीत वाद घालत बसल्याने ना विचारणाऱ्याचे समाधान होते ना वाचणाऱ्याचे. प्रत्येक प्रश्नाचा स्वतंत्र व्हिडिओ करावा आणि टिप्पणीला फक्त त्याचा दुवा द्यावा. बंगालविषयी बोलताना डाव्यांच्या सत्तेची १९७७ ते २०११ अशी चौतीस वर्षे, १९७८ पासून बटाईदारांच्या (वाट्याने जमीन कसणाऱ्यांच्या) नावांची नोंद करणारी बर्गा मोहीम, आणि १४ मार्च २००७ रोजी भूसंपादनाला विरोध करणाऱ्या नंदीग्राममध्ये पोलिसांच्या गोळीबारात गेलेले चौदा जीव, हे तिन्ही एकाच व्हिडिओत आले पाहिजे. स्टालिनच्या काळातील दडपशाहीला दडपशाहीच म्हणावे. नक्षलवादाच्या प्रश्नात तर बहुतेकांचा गोंधळ निव्वळ नावांचा असतो. निवडणुका लढवणारा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि बंदी असलेला माओवादी पक्ष या दोहोंतील फरक शांतपणे सांगितला तर अर्धा गैरसमज तिथेच मिटतो.

पाहणारे येतात पण थांबत नाहीत, तेव्हा काय तपासावे

आधी आवाज तपासावा. चित्र थोडे अंधुक असले तरी लोक पाहतात, पण शब्द कळत नसेल तर दहा सेकंदांत निघून जातात. आमच्या खोलीशेजारी यंत्रमाग आहेत आणि त्यांचा खडखडाट पहिल्या पाच व्हिडिओंत माझ्या आवाजापेक्षा मोठा आहे. सोयीचा उपाय असा निघाला, की कॉलर माइक घ्यावा, पंखा बंद करावा, माग थांबल्यावर रात्री चित्रण करावे, आणि समोरच्या दोन भिंतींवर जाड सोलापुरी चादरी टांगाव्यात. चादरींनी घुमणारा आवाज शोषला जातो आणि त्यांना वेगळा खर्च येत नाही.

त्यानंतर यूट्यूब स्टुडिओतील आकडे पाहावेत. व्हिडिओ लोकांसमोर जातो पण ते त्यावर बोट ठेवत नसतील तर दोष शीर्षकात किंवा मुखचित्रात (थंबनेलमध्ये) आहे. ‘भांडवलशाहीचे अरिष्ट’ या नावाला कोणी उघडले नाही, ‘महागाई वाढते तेव्हा मजुरी का वाढत नाही?’ हे नाव दिल्यावर तोच व्हिडिओ उघडला गेला. उघडून लगेच जात असतील तर टिकून राहण्याचा आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटातच कोसळलेला दिसतो, आणि त्याचे कारण बहुधा ‘नमस्कार मित्रांनो, चॅनलला सबस्क्राइब करा’ हेच असते. त्या जागी थेट प्रश्न ठेवावा. शेवटपर्यंत पाहतात पण परत येत नाहीत, असे असेल तर विषयांची मालिका नाही किंवा वार ठरलेला नाही. दर गुरुवारी एकच व्हिडिओ टाकला तरी चालतो, पण तो गुरुवार चुकवू नये.

जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन अशी अट आहे. त्या पैशावर चॅनल चालेल असे धरून कोणी नोकरी सोडू नये, एवढेच याबाबत सांगतो.

गाणी वापरताना

पार्श्वभूमीला शाहिरांची गाणी लावण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख हे दोघेही १९६९ साली गेले, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. म्हणजे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे, आणि ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क वेगळा असतो. परवानगी घ्यावी किंवा गावातल्या कलापथकाकडून नवे गाणे लिहून घ्यावे.

कामगाराला कॅमेऱ्यासमोर बसवण्यापूर्वी

ही चूक आमच्या हातून झाली आणि तिची किंमत दुसऱ्या कोणी मोजली. एका कंत्राटावरील सफाई कामगार ताईंची मुलाखत आम्ही चेहरा धूसर करून टाकली होती आणि त्यामुळे त्या सुरक्षित आहेत असे समजून निर्धास्त होतो. त्यांचा आवाज आम्ही तसाच ठेवला होता, आणि बोलताना सतत हलणारा त्यांचा हात, त्यातील हिरव्या बांगड्या आणि मनगटावरचे गोंदण स्पष्ट दिसत होते. तिसऱ्या दिवशी मुकादमाने त्यांना ओळखले आणि सतरा दिवस कामावर घेतले नाही. त्यांनी आमच्याकडे तक्रार केली नाही. आम्हाला ते त्यांच्या मुलाकडून कळले.

तेव्हापासून आम्ही धूसर चेहऱ्यावर विसंबत नाही. नोकरी धोक्यात येऊ शकेल अशा माणसाचे शब्द आमच्यापैकी कोणीतरी वाचून दाखवते आणि पडद्यावर फक्त कामाची वस्तू दिसते, मग तो झाडू असो वा सूप. कामाची जागा, पाळीची वेळ आणि पगाराचा नेमका आकडा बदलत नाही, पण ओळख पटेल अशा क्रमाने सांगत नाही. व्हिडिओ चढवण्यापूर्वी तो त्या व्यक्तीला आणि तिच्या घरातील एका माणसाला पूर्ण दाखवतो, मूळ चित्रण त्यांच्यासमोर पुसतो, आणि पुढे केव्हाही काढून टाका म्हणाल्या तर कारण विचारणार नाही असे सांगून ठेवतो. गेल्या दिवाळीत असा एक निरोप आला. तो आमचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ होता, आणि निरोप आल्यावर दहा मिनिटांत आम्ही तो काढला.