कायटोसानमध्ये चमकणारे नॅनोकण मिसळताय? या चुका टाळा

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे झिंक ऑक्साइडचे कण थेट कायटोसानच्या द्रावणात ओतणं. कायटोसान म्हणजे सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालांपासून बनणारं पॉलिमर. ते साध्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपण १-२ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल घेतो. त्याच आम्लात झिंक ऑक्साइडही विरघळतं, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हापशाहून येणाऱ्या एका एमएस्सीच्या मुलीने संध्याकाळी दुधाळ मिश्रण ढवळायला ठेवलं. सकाळी ते नितळ झालं होतं. "मॅडम, कण किती छान पसरले!" फिल्म यूव्ही दिव्याखाली निळसर चमकली, तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही. कण लहान झाल्यामुळे उत्सर्जन निळ्याकडे सरकलं, असं प्रबंधाचं प्रकरणही लिहून तयार. पण एक्सआरडीत, म्हणजे स्फटिक ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीत, झिंक ऑक्साइडचं एकही शिखर नव्हतं. ती चमक नुसत्या कायटोसानची होती. हे पॉलिमर स्वतःच अतिनील प्रकाशात फिकट निळं दिसतं.

दुधाळ द्रावण आपोआप नितळ झालं की मी आधी घाबरते. कुठलेही नवे कण आले की चिमूटभर नुसत्या द्रावकात रात्रभर ठेवते आणि सकाळी यूव्हीखाली बघते. कणांविना कोरी फिल्म प्रत्येक वेळी सोबत ओतते. ही एक रात्र वाचवायला बघणारी मुलं पुढे अख्खं सत्र घालवतात. झिंक ऑक्साइडच हवं असेल तर पाण्यात विरघळणारं पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) किंवा कार्बॉक्सिमिथाइल कायटोसान घ्या आणि आम्लाशिवाय काम करा.

३२५ नॅनोमीटरने उत्तेजित करून ६५० ला टोकदार शिखर आलं? ते बहुधा दुसऱ्या क्रमाचं विखुरण असतं, म्हणजे दिव्याचाच प्रकाश उपकरणात दुप्पट तरंगलांबीवर दिसतो. फिल्टर लावा.

वीज वाहणारं पॉलिमर म्हणून पॉलिअ‍ॅनिलीन ढीगभर घालू नका. वाहकता वाढते, पण ते पॉलिमर प्रकाश शोषतं, कणांतला विद्युतभारही ओढून घेतं, आणि चमक विझते. आधी ठरवा, वीज हवी की प्रकाश. दोन्ही हवे असतील तर कणांवर सिलिकाचं पातळ कवच चढवा. शिवाय अ‍ॅनिलीनचं बहुलकीकरण हायड्रोक्लोरिक आम्लात करता ना? मग कण त्यात आधीच टाकू नका. झिंक सल्फाइड असेल तर कुजक्या अंड्यांसारखा वास येईल, आणि तो हायड्रोजन सल्फाइड विषारी असतो.

आपल्याकडे जून-जुलैत कायटोसानची फिल्म हवेतलं पाणी पिते आणि आयनांमुळेच वाहक दिसायला लागते. ते श्रेय कणांना देऊ नका. मी फिल्म डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) सुकवते, निळं सिलिका जेल गुलाबी झालं की मोजणी थांबवते, आणि कोरी फिल्म त्याच दुपारी, त्याच इलेक्ट्रोडांवर मोजते.