टेक्ससला डुकराच्या शिकारीला निघायच्या आधी: सायलेन्सर लावायचा का नाही

बंड्या, तिकिटं झाली, आता दाजींच्या रँचवर रानडुकरं मारायला जायचं तर तयारी आत्तापासून लागेल म्हणून डोक्यात येईल तसं टाईप करतोय. पहिलं काम कानांचं. हसू नको, पंधरा वर्षं पथकात ढोल बडवलाय आपण, माझ्या डाव्या कानात अजून रात्री कुईऽऽ वाजतं, तेव्हा निघायच्या आधी कानाच्या डॉक्टरकडे ऑडिओमेट्री करून घे, उरलंय किती ते तरी कळेल.

दाजींनी फोनवर विचारलं की सायलेन्सर (बंदुकीच्या नळीच्या टोकाला लावायचं आवाज कमी करणारं नळकांडं) लावून मारणार का तसंच. मला वाटायचं पिक्चरसारखं फुस्स होतं आणि काम तमाम. तसं अजिबात नसतं. .३०८ मापाच्या गोळीची रायफल साधारण १६५ डेसिबलने वाजते, चांगल्या सायलेन्सरने २५-३० कमी होतात, म्हणजे १४० च्या आतबाहेर, आणि कानाला कायमचा दणका बसायची हद्द तिकडे १४० च धरतात. शिवाय गोळी आवाजापेक्षा दुपटीने जास्त जोरात जाते, तिचा हवेतला सटाका सायलेन्सर काढूच शकत नाही. हळू गोळ्या मिळतात पण त्यांची ताकद एवढी कमी की डुक्कर जखमी होऊन झाडीत पळायचं, ते पाप नको. म्हणून सायलेन्सर असला तरी फोमचे इअरप्लग घ्यायचेच, दोन जोड्या.

फायदे मला पटले ते असे की धक्का कमी बसतो, त्यामुळे आपल्यासारखा नवखा आधीच डोळे मिटून खांदा आखडत नाही, आणि शेजारी बसलेल्या दाजींचं बोलणं ऐकू येतं. त्यांचा कुत्राही सोबत असतो, त्याला कोण इअरमफ घालणार? तोट्यात म्हणजे नळी सहा-आठ इंच वाढते, मचाणाच्या खिडकीत अडकते, पुढून जड लागते, आणि चार-पाच गोळ्यांत एवढी तापते की हात लावला तर तव्यासारखा चटका. जाड ग्लोव्ह टाक बॅगेत. तापल्यावर स्कोपमध्ये, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीत, उन्हाळ्यातल्या डांबरी रोडसारखी हवा हलते, त्यावर कापडी कव्हर मिळतं ते दाजींकडे आहे. सगळ्यात महत्त्वाचं, सायलेन्सर लावला की गोळी वेगळ्या जागी लागू शकते, म्हणून ज्या अवस्थेत मारायचं त्याच अवस्थेत आदल्या दिवशी टार्गेटवर झिरो करायचं, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवायचा, आणि सायलेन्सरची चुडी सैल झाली नाही ना ते मधेमधे बघायचं (गार झाल्यावर).

कागदपत्रं. टेक्ससमध्ये प्रायव्हेट जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला लायसन्स लागत नाही, पण आपण टुरिस्ट व्हिसावर, आणि तिथल्या केंद्राच्या कायद्याने अशा माणसाला बंदूक हातात घ्यायला हंटिंग लायसन्स लागतं, ते पोचल्यावर आधी काढायचं. सायलेन्सर दाजींच्या नावावर रजिस्टर आहे, १९३४ पासून त्यावर २०० डॉलर टॅक्स होता तो २०२६ पासून शून्य झाला पण बोटांचे ठसे, फोटो, रजिस्ट्रेशन आहे तसंच, म्हणून दाजी सोबत नसताना त्याला हात लावायचा नाही. पुढे न्यू जर्सीला मावसभावाकडे जाणार आहोत, तिथे ही वस्तूच बेकायदा आहे, तेव्हा गाडीत चुकून राहायला नको.

माझं मत झालंय, लावायचा. इलेक्ट्रॉनिक इअरमफनेही बरंच काम भागतं आणि ते स्वस्त पडतं हे खरं, आपल्याला विकत घ्यायचं असतं तर मी तेच म्हटलं असतं. पण इथे वस्तू फुकट वापरायला मिळतेय.

आणि इकडे जास्त गाजावाजा करू नको. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद, सिन्नरला मामांच्या मक्यात डुकरं घुसतात तेव्हा मामा वनखात्यात भरपाईचा अर्ज करतात, त्यांना तुझे फोटो दाखवून चिडवू नको. बंदुकीचा सायलेन्सर तर इथे बाळगायचाच नसतो, कॉलेज रोडला फट् फट् करणाऱ्या बुलेटचा वेगळा. परत येताना जॅकेटचे सगळे खिसे, बुटं, कॅमेऱ्याची बॅग उलटी करून झटक, आठवण म्हणून एक रिकामं काडतूस जरी राहिलं तरी मुंबई एअरपोर्टला पोलीस चौकीत बसवतील आणि घरी आत्याला फोन करायची पाळी माझ्यावर येईल.