इंजिनचं काम झालं, पण गाडी आयडलिंगला टिकेना?

गाडी चालू होते, पण लगेच बंद पडते. किंवा ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही. कार्बोरेटर पुन्हा खोलायच्या आधी, सांध्यातून जादा हवा आत ओढली जातेय का ते असं तपासा.

१. आयडलिंग स्क्रूने रेस थोडी वाढवून ठेवा.
२. स्प्रेच्या बाटलीतून साध्या पाण्याचा बारीक फवारा कार्बोरेटर आणि इंजिनचं हेड यांना जोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या (रबरी नळीच्या) सांध्यांवर मारा. खालूनही मारा, रबराची चीर बहुतेक तिथेच लपते.
३. फवाऱ्यासरशी इंजिनचा आवाज बदलला, तर तिथूनच हवा ओढली जातेय. गॅस्केट (सांध्यातली पातळ पट्टी), ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी), क्लॅम्प तपासा. (माझी ओ-रिंग खोबणीतून निसटून चिमटली होती. घाई माझीच!)

पाण्याऐवजी पेट्रोल वापरू नका, तापलेल्या इंजिनवर भडका उडेल. स्पार्क प्लगच्या टोपीवरही पाणी जाऊ देऊ नका. त्यानेच मिसफायर झालं (ठिणगी चुकली) तर भलतंच शोधत बसाल.