चावी दाराजवळ टांगू नका: कीलेस गाडीच्या बाबतीत या चुका टाळा

नेरूळच्या आमच्या रो हाऊसमध्ये दार उघडलं की डाव्या हाताला खुंट्या आहेत. एकीवर छत्री, दुसरीवर पिशव्या आणि तिसरीवर गेली तीन वर्षं गाडीची चावी. गाडी फाटकाच्या आतच उभी असते, खुंटीपासून मोजून सहा पावलांवर. गाडी कीलेस आहे, म्हणजे चावी नुसती खिशात असली तरी हँडलला हात लावून उघडते आणि बटणाने सुरू होते. ही गाडी आपली चावी ओळखते तरी कशी, हे नीट समजून घेतलं त्याच दिवशी मी ती खुंटी रिकामी केली.

तुम्ही हँडलला हात लावलात की गाडी चावीला एक हाक मारते, साधारण १२५ किलोहर्ट्झवर. ही हाक जेमतेम दीड-दोन मीटर पोहोचते. चावी ती ऐकते आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देते. ते उत्तर मात्र बरंच लांब जातं. उत्तर खरं आहे का, हे गाडी तपासते. चावी किती अंतरावर आहे, हे बहुतेक गाड्या मोजतच नाहीत. हाक ऐकू गेली त्याअर्थी चावी जवळच असणार, असं त्या धरून चालतात. चोर नेमका याच समजुतीचा फायदा घेतो. एक जण गाडीपाशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा तुमच्या दाराशी. पहिला गाडीची हाक उचलतो, दुसरा ती दाराआडच्या चावीला ऐकवतो. कोड फोडावा लागत नाही, काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग केला आणि दहाही उघडली. म्हणजे ही युक्ती आजची नाही.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे चावी दाराजवळ किंवा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवणं. घोडबंदर रोडवर चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्यांची गाडी इमारतीच्या पार्किंग मजल्यावर असते, त्यांना घरातली चावी तितकी धोक्याची नाही. पण तीच चावी खिशात घेऊन ते मॉलमध्ये किंवा तलावपाळीला गर्दीत फिरतात, तेव्हा खुंटीवरच्या चावीत आणि खिशातल्या चावीत फरक उरत नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली. सिग्नल अडवणारा पाऊच ऑनलाइन मागवला, चावी त्यात टाकली आणि निर्धास्त झालो. चार दिवसांनी पाऊच हातात असतानाच सहज हँडलला हात लावला, तर गाडी उघडली! पाऊच घेतल्यावर लगेच तपासा: चावी आत, झाकण पूर्ण बंद, पाऊच गाडीला चिकटवून हँडल वापरून बघा. उघडली तर पाऊच परत करा. चांगल्या पाऊचचं अस्तरही घड्यांवर झिजतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी हीच तपासणी पुन्हा करा. स्टीलच्या डब्याचंही तसंच. एखाद्याचा चालतो, एखाद्याच्या झाकणाची फट घात करते. तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

घरातली दुसरी चावी तर बहुतेक जण विसरूनच जातात. ती कपाटात पडून असली तरी हाकेला उत्तर देतच असते. तिचा सेल काढून ठेवा. अडचण येत नाही, कारण आतली लोखंडी चावी दार उघडते आणि सेल नसलेली चावी स्टार्ट बटणाला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी टेकवली की गाडी सुरू होते. ती जागा कुठली, ते मात्र आजच बघून ठेवा.

काही नव्या चाव्या हलल्या नाहीत तर झोपी जातात. तुमची तशी आहे का? गाडीशेजारी स्टुलावर चावी पंधरा मिनिटं न हलवता ठेवा, मग हँडलला हात लावा. उघडली नाही तर चावी झोपते. काही गाड्यांत हँडलला हात लावून उघडण्याची सोयच बंद करता येते. पुढच्या सर्व्हिसिंगला विचारा. नवी गाडी घेणार असाल तर चावीला यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड) हे रेडिओ तंत्र आहे का विचारा. त्यात सिग्नलला लागणारा वेळ मोजून अंतर काढतात.

मॉलमध्ये लॉकचं बटण दाबून पाठ फिरवणं ही आणखी एक चूक. जॅमरने तो सिग्नल दाबता येतो, मग गाडी उघडीच राहते. हँडल ओढून बघाल तर चावी खिशात असल्यामुळे गाडी पुन्हा उघडेल. म्हणून इंडिकेटर चमकले का, आरसे मिटले का, ते डोळ्यांनी बघा.

आता पाऊचचा काहीही उपयोग नसलेली चोरी. लंडनमध्ये २०२२ साली इयान टेबर या सुरक्षा संशोधकाची गाडी गेली. त्याआधी दोनदा कुणीतरी तिचा बंपर ओढून हेडलाइटची वायर काढली होती, ते त्याला नुसतं नुकसान वाटलं. खरं तर चोर त्या वायरीतून गाडीच्या आतल्या नेटवर्कला 'चावी आली' असा खोटा निरोप देत होते. आपल्याकडे रस्त्यावर लावलेल्या गाडीला रोज काही ना काही घासतं, त्यामुळे आपण दुर्लक्ष करतो. पण बंपर सैल, हेडलाइट हललेला, आतली वायर लोंबतेय असं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा आणि सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायला सांगा. डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टमधूनही (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो तो सॉकेट) नवी चावी गाडीला जोडता येते, तिथे कुलूप बसवून घ्या. बाहेरून लावायचा जाडजूड स्टिअरिंग लॉक जुनाट वाटतो खरा, पण इलेक्ट्रॉनिक यंत्राला तो उघडत नाही. मी रोज लावतो.

इंजिन चालू ठेवून वडापाव आणायला उतरू नका. सुरू झालेली गाडी चावी लांब गेली तरी सुरक्षिततेसाठी बंद पडत नाही.

आणि कागदपत्रांचं. थर्ड पार्टी विम्यात चोरी येत नाही. क्लेमच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, एक हरवली असेल तर आत्ताच लेखी कळवा. सेकंडहँड घेताना दोन्ही चाव्या घ्या आणि त्या सोडून बाकीच्या जुन्या चाव्या गाडीच्या सिस्टीममधून काढून टाकायला सांगा.

गाडी गेलीच तर ११२, एफआयआर, मग विमा कंपनी, हे सगळं त्याच दिवशी. घाईत फास्टॅग ब्लॉक करू नका. मुलुंड, ऐरोली, वाशीच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नाही, त्यामुळे तिथून मेसेज येणार नाही. पण खानिवडे, पडघा किंवा खालापूरच्या टोलनाक्यावर पैसे कापले गेले तर गाडी कुठल्या दिशेने गेली ते कळेल. तो मेसेज वेळेसकट लगेच तपास अधिकाऱ्याला पाठवा.