शीट फिल्म डेव्हलप करण्याआधीची तयारी: साधने आणि पद्धत यांची निवड

कृष्णधवल शीट फिल्म, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यात एका फोटोला एक अशी वापरायची सुटी फिल्म, स्वतः डेव्हलप करायची ठरली की पहिला शोध बहुधा टँकचा सुरू होतो. माझ्या मते तो शोध थोडा पुढे ढकलावा आणि आधी तीन गोष्टी निश्चित कराव्यात: संपूर्ण अंधार किती वेळ टिकवता येईल, एका वेळी किती शीट हाताळायच्या आहेत आणि प्रत्येक शीटला वेगळा वेळ द्यायचा आहे का. यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. रोलवरच्या सगळ्या फ्रेमना डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, एकच वेळ मिळतो. शीटला मात्र दृश्यातील उजेड आणि सावली यांतले अंतर पाहून कमी किंवा जास्त वेळ देता येतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास मांडलेल्या झोन सिस्टिमचा, म्हणजे दृश्यातील उजेड-सावलीनुसार एक्स्पोजर आणि डेव्हलपिंग ठरवण्याच्या पद्धतीचा, पुरेपूर उपयोग होतो तो याच मुभेमुळे. ही मुभा वापरायची असेल तर ट्रे किंवा एकेका शीटची सुटी नळकांडी सोयीची पडतात, आणि सगळ्या शीटना सारखाच वेळ द्यायचा असेल तर चार किंवा सहा शीट मावणारा बंद टँक पुरेसा होतो.

अंधाराची परीक्षा साधने घेण्यापूर्वीच करावी. पॅनक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाशही दिसतो, त्यामुळे तिच्यासाठी डार्करूमचा लाल दिवा चालत नाही. खोली बंद करून दहा मिनिटे आत बसावे आणि डोळे सरावल्यावर पांढऱ्या कागदाची कड दिसते का ते पाहावे. दाराखालची फट, पंख्याची जाळी, उपकरणांवरचे बारीक दिवे आणि चमकणारे घड्याळ या नेहमी निसटणाऱ्या जागा आहेत. ट्रेमध्ये काम करायचे असेल तर हा अंधार फिल्म फिक्सरमध्ये (चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात) जाऊन काही वेळ होईपर्यंत, म्हणजे सहज वीस मिनिटे, टिकावा लागतो. तेवढी खात्री नसेल तर चेंजिंग टेंट (बाहेरून हात घालून काम करायचा प्रकाशबंद तंबू) आणि उजेडात वापरता येणारा टँक हाच मार्ग आहे. टेंट शक्यतो ताठ सांगाड्याचा घ्यावा, कारण सैल पिशवीचे कापड हातांवर येते आणि आतली घामाची वाफ इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थराला, बाधते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म गडद लाल दिव्यात हाताळता येते, म्हणून ट्रेची पद्धत शिकण्यासाठी ती फार चांगली आहे.

ट्रे हे सर्वांत साधे साधन असले तरी सर्वाधिक सराव त्यालाच लागतो. ४ बाय ५ इंचांच्या फिल्मसाठी ५ बाय ७ इंचांचा किंवा त्याहून थोडा मोठा, गुळगुळीत तळाचा ट्रे घ्यावा. फार मोठ्या ट्रेमध्ये शीटची थप्पी विस्कटते. डेव्हलपरच्या आधी साध्या पाण्याचा ट्रे ठेवावा आणि त्यात शीट एकेक करून पूर्ण बुडवाव्यात, कारण कोरड्या शीट एकत्र ओल्या झाल्या तर जिलेटिन एकमेकांना चिकटते. त्यानंतर तळाची शीट काढून वर ठेवणे हाच क्रम अखंड चालू ठेवायचा असतो. इमल्शन वर ठेवावे की खाली, याविषयी मते वेगवेगळी आहेत. मी खाली ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण वर येणाऱ्या शीटचा कोपरा लागलाच तर तो पाठीला लागतो. पहिली शीट इतरांच्या उलट दिशेने ठेवली तर शीटच्या कडेवरील खाचेच्या जागेवरून एक फेरा पूर्ण झाल्याचे बोटांना कळते. सुरुवातीला चारपेक्षा जास्त शीट घेऊ नयेत. नखे कापलेली असावीत आणि हातात नायट्राइलचे मोजे असावेत.

बंद टँकमध्ये ओरखड्यांची भीती कमी असते, पण तेथे द्रावण आत शिरायला लागणारा वेळ आणि हलवण्याची रीत यांकडे लक्ष द्यावे लागते. पॅटरसनच्या तीन रिळांच्या टँकमध्ये बसणारी मॉड५४ ही चौकट सहा शीट धरते आणि तिला सुमारे एक लिटर द्रावण लागते. स्टिअरमनचा एसपी-४४५ टँक चार शीट अर्ध्या लिटरच्या आत, नेमके सांगायचे तर ४७५ मिलिलिटरच्या आसपास, भागवतो. जोबोच्या ३०१० ड्रममध्ये दहा शीट राहतात, मात्र तो सतत फिरवावा लागतो. अधूनमधून हलवण्यासाठी दिलेला वेळ सतत फिरणाऱ्या ड्रमला वापरायचा असेल तर तो सुरुवातीला सुमारे १५ टक्क्यांनी कमी करून पाहावा. स्टीलचे हँगर आणि खोल उघड्या टाक्या पुष्कळ शीट नियमितपणे करणाऱ्यासाठी ठीक आहेत. थोड्या शीटसाठी त्यांत डेव्हलपर वाया जातो, आणि हँगर जोरात हलवले तर कडांना गडद पट्टे येतात. कोणतेही साधन घेतले तरी हलवण्याची लय ठरवून घ्यावी आणि ती दर वेळी तशीच ठेवावी. आकाशासारख्या सपाट भागात उमटणारे डाग आणि पट्टे बहुतेक वेळा याच लयीतल्या गडबडीने येतात, डेव्हलपर बदलून ते जात नाहीत.

पहिल्या डेव्हलपरसाठी डी-७६ किंवा आयडी-११ एकास एक पाण्यात मिसळून घेणे मला सर्वांत योग्य वाटते. २० अंश सेल्सिअसला एफपी४ प्लस फिल्मसाठी इल्फर्डने या मिश्रणाचा वेळ ११ मिनिटे दिला आहे. एवढा लांब वेळ फायद्याचा असतो: द्रावण ओतताना पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे झाले तरी परिणाम नगण्य राहतो, तर पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात तेवढाच फरक निगेटिव्हवर दिसतो. पायरोगॅलॉलचे डेव्हलपर सुंदर निगेटिव्ह देतात, पण ते विषारी असून त्वचेतून शरीरात जातात, म्हणून हात सरावेपर्यंत ते लांब ठेवावेत.

डेव्हलपर किती पातळ करायचा हे ठरवताना एक हिशेब करावाच लागतो. ४ बाय ५ च्या चार शीट मिळून ८० चौरस इंच होतात, म्हणजे ३६ फ्रेमच्या एका रोलएवढे किंवा ८ बाय १० च्या एका शीटएवढे क्षेत्र. एक्सटॉल या डेव्हलपरसाठी एवढ्या क्षेत्राला मूळ (पातळ न केलेले) द्रावण किमान १०० मिलिलिटर हवे. त्यामुळे सहा शीटसाठी १५० मिलिलिटर लागते, टँकमध्ये पाणी कितीही मावो. हा आकडा पाळला नाही तर डेव्हलपर मध्येच थकतो आणि उजळ भागांना हवी तेवढी घनता मिळत नाही.

तापमानासाठी विश्वासू थर्मामीटर आणि ट्रेभोवती पाणी भरलेला दुसरा मोठा ट्रे ठेवावा. खोली उबदार असेल तर एकटा डेव्हलपर थंड करण्यापेक्षा सगळी द्रावणे आणि धुण्याचे पाणी २४ अंशांवर आणून उत्पादकाच्या तक्त्यानुसार वेळ कमी करणे अधिक सुरक्षित असते. स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण) सायट्रिक आम्लाचा असला तर बंद खोलीत वास कोंडत नाही. फिक्सर जलद प्रकारचा, एकास चार पाण्यात केलेला असावा. फिल्मचा एक तुकडा उजेडात त्यात टाकून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजावे आणि त्याच्या किमान दुप्पट वेळ फिक्सिंगला द्यावा. ताज्या फिक्सरपेक्षा पारदर्शक व्हायला दुप्पट वेळ लागू लागला की तो बदलावा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, म्हणून तो मोरीत ओतू नये आणि त्यासाठी झाकणाचा वेगळा कॅन आधीच ठेवावा. शेवटच्या पाण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रवाचे) काही थेंब, तसेच एका कोपऱ्याने शीट टांगण्यासाठी चिमटे लागतात.

द्रावणे बनवण्यापूर्वी एक बाद शीट घेऊन सारी कृती आधी उजेडात, मग डोळे मिटून आणि शेवटी अंधारात करावी. शीट उभी धरून खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली की इमल्शन आपल्याकडे असते, हे हाताला पाठ झाले पाहिजे. वेळेसाठी आवाज देणारे घड्याळ असावे.

पहिल्या खऱ्या कामासाठी एकाच दृश्याच्या, सारखेच एक्स्पोजर दिलेल्या दोन शीट राखून ठेवाव्यात आणि त्यांतली एकच डेव्हलप करावी. ती वाळल्यावर सावलीतला तपशील अपुरा दिसला तर दोष एक्स्पोजरचा आहे आणि तो पुढच्या वेळी कॅमेऱ्यातच सुधारावा लागेल; पण उजळ भाग फार दाट किंवा फार फिके असतील, तर दुसऱ्या शीटचा वेळ १० ते १५ टक्क्यांनी अनुक्रमे कमी किंवा जास्त करावा आणि तो आकडा होल्डरच्या (कॅमेऱ्यात शीट बसवायच्या चौकटीच्या) क्रमांकासह वहीत नोंदवून ठेवावा.